बाबांच्या बुटाचा चाप

पक्षाघातातून उठलेले बाबा जिन्याशी येऊन पहिल्या पायरीपुढे थिजायचे. "पायात जोर आहे, फक्त चढणं विसरलेत," डॉक्टर म्हणाले. बोलणंही बंदच होतं. आईकडे शेजारीण आल्यासारखे बघायचे. आज मी माळ्यावरून त्यांचा गुहेत वापरायचा बूट काढला. त्याला दातेरी चाप होता. पाय दाबला की चाप दोर धरतो, मागे झटकला की सोडतो. आईबाबा तरुणपणी खोल विवरांतून असेच दोरावरून चढून यायचे. आधी बाबा, मग त्यांची हाक आल्यावर आई. बूट घालून पट्टा आवळला तसं बाबांनी खाली पाहिलं. पाय उचलला, दाबला, मागे झटकला. पुन्हा तेच. मी मागोमाग चढले. वर पोचल्यावर वळून त्यांनी आरोळी ठोकली, "दोर मोकळा! ये गं, झोपलीस काय खाली?" गुडघेदुखीमुळे जिना चढणं सोडलेल्या आईने खाली कठडा धरला. "ओरडू नका, आले."