जावयाची चादर

"आई, ती नवी चादर घाल ना गं." बाळाला मांडीवर थोपटत कावेरी म्हणाली.

"वेडी की काय! बारशाला जावईबापू येतील, त्यांच्यासाठी ठेवलीय. बाळंतिणीला कुणी कोरं अंथरूण घालतं? डाग पडले की वायाच."

चादर कावेरीला मैत्रिणींनी दिली होती, निलगिरीच्या लाकडापासून काढलेल्या धाग्याची. सायीसारखी मऊ आणि गार. अंगाखालची जुनी चादर मात्र विरून गोळे आलेली. कूस बदलली की टाक्यांना घासायची.

कावेरीनं बाळाला पाळण्यात ठेवलं, भिंतीला धरत कपाटापर्यंत गेली आणि चादर स्वतःच काढून अंथरली. "टाके मला पडलेत, जावयाला नाही!"

आई पुटपुटत राहिली. पण कोरं कापड तसंच कसं वापरायचं, म्हणून तिनं कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं, वाकून वास घेतला. "निलगिरीची म्हणतेस, मग सर्दीच्या औषधासारखा वास कसा नाही येत?"

संध्याकाळी आत्या बाळ बघायला आली, ती दारातच थबकली. "वहिनी, बाळंतिणीला नवी चादर? मग जावयाला काय, फाटकी गोधडी घालणार?"

कावेरीनं धास्तावून आईकडे पाहिलं. नणंदेपुढे आईनं आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. आई चादरीवर लेकीला खेटून ऐसपैस बसली.

"हो वन्सं, गोधडीच. टाके काय जावयाला पडलेत?"