ठिणगी येत नाही

अर्धांगाचा झटका आल्यापासून अप्पांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, आणि डॉक्टरांच्या मते आता फुटणारही नव्हता. तरी त्यांची जुनी मोटरसायकल दर रविवारी चालू करायचीच, हा आईचा हट्ट. आज मात्र किक मारून मारून तनयचा पाय भरून आला. प्लगला ठिणगीच येईना. कोरमंगलाहून नवा प्लग आणून बसवला, तरी गाडी ढिम्म.

"कॉइल गेली असणार. बदलूनच टाकतो."

"बदल की," आई म्हणाली. "आणि स्वल्प बाजूला सरक, ह्यांना दिसू दे."

खुर्चीतल्या अप्पांचा चेहरा लालबुंद झाला. ओठ थरथरले. "पॉ... पॉइंट बघ, गाढवा!"

तनयच्या हातातला पाना गळून पडला. डोळे पुसत त्याने पॉइंटचं झाकण उघडलं. ठिणगीसाठी जी दोन टोकं एकमेकांना टेकावी लागतात, त्यांच्या फटीत कॅलेंडरच्या कागदाची घडी होती. ठिणगी अडवायला तेवढी पुरे. त्याने चमकून आईकडे पाहिलं.

"जन्मभर ह्यांना टॉर्च धरून उभी राहिलेय," ती हळूच म्हणाली. "गाडीत कुणी भलतंच काढायला लागलं, की ह्यांना गप्प बसवत नाही. डॉक्टरांना कुठलं ठाऊक असायला?"