सिगरेटपुरतं बसणं

गोदामातल्या हमालांना सिगरेट सोडा म्हणून सांगता सांगता आरोग्यताईच्या घशाला कोरड पडली होती. एवढ्या जणांत एका म्हाताऱ्या हमालाने तेवढं तिचं ऐकलं होतं. आज तोच पोत्यांना टेकून बसलेला, ओठांत सिगरेट. ताई त्याच्यासमोर येऊन थांबली.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"पेटवलेली नाही गं, नीट बघ," तो हळूच म्हणाला. "सोडल्यापासून जरा टेकलो की मुकादम खेकसतो, 'काय रे, पाहुणा आलायस का? ऊठ!' ही तोंडात दिसली की मात्र दम खाऊ देतो."

ताई पिशवी खाली ठेवून त्याच्या शेजारी टेकली आणि तिने हात पुढे केला.

"एक मलाही द्या, काका."