जवळ राहण्याचे दहा हजार

सुलेखाताईंनी कडी पुन्हा एकदा लावून बघितली. बाहेरची लोखंडी जाळी ओढली, आतलं लाकडी दार खांद्याने दाबून पाहिलं.

“पक्की आहे,” त्या म्हणाल्या. “हाच घ्या.”

मैत्रेयीने खिडकीतून बाहेर बघितलं. सिंगापूरमधल्या बुकित बातोकचा जुनाट फ्लॅट, आणि समोरच्या ब्लॉकमध्ये सासूच्याच स्वयंपाकघराची खिडकी.

“आई, सेंगकांगचा नवा होता. खालीच एलआरटीचं स्टेशन.”

“तो लांब आहे.”

लांब म्हणूनच तर हवा होता! नोकरीला लागल्यापासून मैत्रेयीच्या पगारातून दर महिन्याला सीपीएफ, म्हणजे इथला भविष्यनिर्वाह निधी, कापला जायचा, कंपनी त्यात भर घालायची. ते पैसे असे काढता येत नसत, घराला मात्र लावता येत. नवरा शिरीष इथला सिटिझन, म्हणून पहिल्या घराला सरकारची मदत होती. आणि आईवडिलांजवळ घर घेतलं तर वर आणखी दहा हजार डॉलर. म्हणजे सुनेला सासूच्या दाराशी बांधायचं आणि दोरीचे पैसे सरकारने द्यायचे! शिवाय पाच वर्षं घर विकायचं नाही.

पाच वर्षं. ह्या बाईच्या नजरेखाली. 

तिच्या बाजूने बोलणारे एकटे सासरेच. निशिकांतराव बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मंडळाच्या गणपतीत पेटी वाजवणारे, सगळ्यांचे लाडके.

“अगं, फुकट काही नसतं,” सासरी जेवायला बसल्यावर भात कालवत ते म्हणाले. “घर विकलंस की ती मदत व्याजासकट तुझ्याच खात्यात परत भरायची. उद्या भारतात परतलीस, तर पीआर, हा इथला कायम रहिवासाचा परवाना, सोडून सगळी रक्कम रोख हातात. भिंतीत घातलीस की बसली! माझं ऐका, लांब राहा, मोकळे राहा. काय, सुलेखा?”

सुलेखाताई वाढत होत्या. एवढ्या उकाड्यातही त्यांच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत.

“भाडं भरण्यापेक्षा बरं,” त्या पातेल्यात बघत म्हणाल्या. “आणि त्या पैशाला दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. तिचे ते तिचेच राहतात.”

“घ्या! आमच्या बाईसाहेबांनाही आता पैशातलं कळायला लागलं!” निशिकांतराव खदखदून हसले. मैत्रेयीही हसली. शिरीष हसला नाही.

खाली उतरल्यावर तिने त्याला धरलंच. “बँकेतला माणूस नको सांगतोय, आणि तू आईचं ऐकणार?”

“आईला आपण जवळ हवेत.”

“आणि तुला?”

तो बसस्टॉपकडे चालायला लागला. आईचं शेपूट, ती मनात म्हणाली.

त्यानंतर ती सासूवर नजर ठेवू लागली. नोकिया वाजला की सुलेखाताई पहिल्याच रिंगला उचलायच्या. कोण कुठे आहे, कधी येणार, सगळं विचारून घ्यायच्या. एकदा एमआरटी स्टेशनवरून सासरी येताना मैत्रेयीने त्यांना त्या दोन ब्लॉकमधल्या वाटेवर पाहिलं. चपला हातात, अनवाणी, भराभर चाललेल्या. त्या जुनाट फ्लॅटच्या जिन्यापर्यंत गेल्या, वर बघितलं आणि तशाच मागे फिरल्या.

घर अजून झालंही नाही आणि हिचा पहारा सुरू! 

तरी सही झाली. दहा हजारांसाठी नाही. शिरीष पहिल्यांदाच तिच्यासमोर रडला, म्हणून.

ताबा मिळाला त्या दिवशी सुलेखाताई एकट्याच आल्या. ओंजळीत नारळ, कपाळाला घाम. शिरीष ट्रकवाल्याशी बोलायला खाली गेला होता. मैत्रेयीने किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळला. आज नाही बोलले तर आयुष्यभर नाही.

“आई, स्पष्टच सांगते. जादाची किल्ली मी कुणाला देणार नाही. तुम्हालाही नाही.”

सुलेखाताईंनी कॉरिडॉरमध्ये डोकावून पाहिलं, दार लावून घेतलं, कडी सरकवली. मग तिचा हात धरला. 

“नकोच देऊस, बाळा. माझ्याकडे किल्ली असली, तर ती ह्यांना सापडेल. मी दार वाजवलं की फक्त लगेच उघड. आणि माझ्यामागून ह्यांनी वाजवलं, तर उघडू नकोस.”