मालूचा फोन

"हॅलो, मी ऐकतेय. बोला," ग्लोरिया म्हणाली आणि क्लाराने डोळे मिटले.

दोघींच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून सरावातही ते दिसू द्यायचं नाही, ही क्लाराचीच पद्धत. रविवारच्या मिस्सानंतर गास गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये हेल्पलाइनचे नवे स्वयंसेवक जमत, आणि जिवाला कंटाळलेल्या माणसाचा फोन कसा घ्यायचा ते क्लारा त्यांना शिकवी. इस्पितळाच्या मनोरुग्ण विभागात समाजसेविका म्हणून उभी हयात काढलेली बाई ती. फोन करणाऱ्याचं सोंग तिच्याइतकं हुबेहूब कोणाला वठवता येत नसे. आज ती अर्नाळ्याची मालू झाली होती, मासळी विकणारी, सुनेच्या जाचाने जेरीला आलेली.

"कोन बोलते गो तू?" मालूने विचारलं.

"हेल्पलाइनवरून बोलतेय, मावशी. कसं वाटतंय तुम्हाला?"

इथे सुनेला चार शिव्या हासडायच्या, असं क्लारा घरून ठरवून आली होती. आयत्या वेळी सून काही तोंडात आलीच नाही.

"काय वाटायचं? घरात कोन नाय. परवा गॅसवाल्याला फोन केला, वास येतो म्हून. वासबीस काय नव्हता. तो आला, साबनाचं पानी लावून बघलं, फेस नाय आला. मी म्हटलं, बस, चा घे. तर म्हनाला, मावशी, अजून चार घरं हायत."

हॉलमध्ये दोघेतिघे हसले. मॅडमच्या नकलांना हसायची त्यांना सवयच होती. क्लाराची कानशिलं मात्र तापली. गॅसवाला काही मालूकडे आला नव्हता. तो भुईगावला, क्लाराच्याच स्वयंपाकघरात आला होता, आणि चहा टाकलेला असताना निघून गेला होता.

ग्लोरिया हसली नाही. विरारहून येणारी, बँकेच्या काउंटरवर बसणारी ही मुलगी पहिल्या रविवारी समोरच्याला एक वाक्य पुरं करू देत नव्हती. आज तिने मालूला मध्ये कुठेच तोडलं नाही. मग हळूच म्हणाली, "तो थोडा वेळ थांबला असता, तर बरं वाटलं असतं."

"हां."

"मावशी, स्पष्टच विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का?"

"नाय गो, मरायचं कशाला? जेवताना कोनी तरी बोलावं, एवढंच. आता टीव्हीवरच्या बायांना उत्तरं देते मी."

"आता मी आहे ना. बोला तुम्ही."

क्लाराने घाईघाईने टाळी वाजवली. "थांबा इथेच. छान, ग्लोरिया! अगदी छान." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लारा उठली आणि चहाच्या टेबलाकडे वळली.

"मॅडम, सोंग उतरवायचं राहिलं," ग्लोरिया म्हणाली.

दुसऱ्याचं दुःख वठवून झालं की खुर्चीमागे उभं राहायचं, आपलं नाव घ्यायचं, आणि त्या माणसात नि आपल्यात काय फरक आहे ते मोठ्याने सांगायचं. नाही तर ते दुःख अंगाला चिकटून घरापर्यंत येतं, असं क्लारा दर रविवारी सांगत आली होती.

"मला नको ग. माझी कातडी आता निबर झालीय."

"आम्हाला सोडत नाही, मग तुम्हाला सूट कशी?" रमेश म्हणाला. तो निवृत्त मास्तर, वर्गात सगळ्यांत वडील. पुन्हा हशा झाला.

क्लारा खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "मी क्लारा. मालू अर्नाळ्याची, मी भुईगावची. ती मासळी विकते. मला ताजे बोंबील कुठले नि शिळे कुठले, तेही कळत नाही."

"घरातला एक तरी फरक सांगायचा असतो ना, मॅडम?" ग्लोरिया म्हणाली.

एखादी थाप मारणं क्लाराला जड नव्हतं. घरात बहीण राहायला आलीय म्हटलं असतं, तरी चाललं असतं. पण एकाएकी तिला फार थकल्यासारखं झालं.

"घरातला फरक काही नाही," ती म्हणाली. "गॅसवाला माझ्याकडेच आला होता. टीव्हीशीही मीच बोलते. फरक म्हणाल तर एवढाच, की मालूने फोन केला. मला तो नंबर लावता येत नाही. कोणीही उचलला, तरी मीच शिकवलेलं माणूस असणार. नुसतं हॅलो म्हटलं तरी आवाज ओळखेल."

कोणी हसलं नाही. बोलणारा गप्प झाला की आपण बोलायची घाई करायची नाही, हे त्यांना पाठ होतं. रमेशचा हात तिच्या खांद्याकडे निघाला होता. विचारल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही हे आठवून त्याने तो मागे घेतला. ग्लोरियाचे डोळे भरले. तिच्या ओठांवर काही तरी आलं होतं, आज आमच्याकडे जेवायलाच चला, असंच असावं. पण फोन करणाऱ्याला घरी बोलवायचं नसतं, म्हणून तिने ते गिळलं.

सगळे मन लावून ऐकत होते. एकानेही चूक केली नाही. आणि क्लारा खुर्चीची पाठ घट्ट धरून, यांच्यातलं कोणी तरी चुकेल म्हणून वाट बघत उभी राहिली.