कार्डावरचे पाच शब्द

"उत्तरं बरोबर आली म्हणजे पोर बरं असतं असं नाही हं, लेस्या. कार्डाकडं कमी बघ, पोरीकडं जास्त."

संघाची औषधांची पेटी हातात देताना म्हाताऱ्या वर्नानं बजावलं होतं. वर्ना तीस वर्षं शाळेत नर्स होती. लेस्या तेव्हा "हो, हो" म्हणून हसली होती. आइस हॉकी खेळताना डोक्याला मार लागलेल्या मुलीला पुन्हा बर्फावर सोडायचं की नाही, हे संघातल्या पालकांपैकीच कुणीतरी ठरवायचं असतं. त्यासाठीचा दोन तासांचा वर्ग ती नुकताच करून आली होती. शिवाय अशा वेळी विचारायचे प्रश्न आणि शब्द छापलेलं कार्ड होतंच.

आज बाकावर तिचीच मुलगी बसली होती.

अकरा वर्षांची एडी, संघाची गोलकीपर. समोरून सुसाट आलेली पोरगी तिच्यावर आदळली आणि एडीचं डोकं मागं गोलच्या लोखंडी खांबावर आपटलं. ती उठून उभी राहिली तेव्हा दोन्ही संघांनी काठ्या बर्फावर ठोकून तिला शाबासकी दिली. हेल्मेटला ओरखडाही नव्हता.

"डोकं दुखतंय?" कपडे बदलायच्या खोलीत तिच्यापुढं उकिडवं बसत लेस्यानं विचारलं.

"नाही."

"गरगरतंय?"

"नाही गं आई. सोड ना मला. सेमीफायनल आहे."

"पाच शब्द सांगते, ते परत म्हणायचे. बादली. मांजर. लोणी..."

दार ढकलून कोच डगनं मुंडकं आत घातलं. "लेस्या, माझी गोलकीपर दे की! नाहीतर जाळीपुढं सासूला उभं करावं लागेल मला."

"कर. आणि दार लाव, गारठा येतोय."

दार लागलं. एडीनं खाडखाड म्हणून टाकलं, "बादली, मांजर, लोणी, खिडकी, ढग. झालं? जाऊ?"

लेस्यानं कार्डावर नजर टाकली. पाचही बरोबर होते. पेन टेकवून ती खूण करणार होती, पण तिनं पेन परत उचललं.

तिनं तीनच वाचले होते.

"एडी, आता दुसरे म्हण. चमचा, घोडा, पिवळा, जिना, मीठ."

"चमचा." एडी थांबली. "चमचा... आई, हे कार्डावर नाहीयेत."

"सकाळी गाडीत काय खाल्लंस?"

एडीनं डोळे बारीक करून छतावरच्या दिव्याकडं बघितलं. "पॅनकेक?"

अंड्याचं सँडविच खाल्लं होतं तिनं. अर्धं लेस्यालाच संपवावं लागलं होतं.

लेस्यानं तिचे स्केट सोडायला घेतले. नाड्या ओढता ओढता ती बोलत राहिली. "ऐक. हेल्मेट कवटी वाचवतं. मेंदू असतो कवटीच्या आत, पाण्यात ठेवल्यासारखा, जेलीइतका मऊ. डबा आपटला की डबा फुटत नाही, पण आतली जेली हिंदकळते. त्या जेलीत केसाहून बारीक धागे असतात, लाखो, करोडो. बघ, ऐक, पाय उचल, आईचं नाव आठव, असे निरोप त्यांतूनच इकडून तिकडे जातात. धागे ताणले की निरोप वाटेत अडकतात. आणि मेंदूची गंमत माहितीये? सगळ्या अंगाची दुखणी त्याला कळतात, पण त्याला स्वतःला काही झालं तर दुखत नाही. म्हणून त्याच्या वतीनं आपण बोलायचं असतं."

एडीनं सुटलेल्या स्केटकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "मग हे काय दुखतंय?"

"कुठं?"

"सगळीकडं. मघापासून."

लेस्यानं तिला जवळ ओढलं. एवढं मोठं पॅडबीड घातलेलं पोर, पण आत केवढंसं होतं.

"शब्द कुणी शिकवले तुला?"

"सगळ्यांनाच येतात. तू पेटी उघडी ठेवतेस ना, झाकणातच खोचलेलं असतं ते कार्ड. ब्रिन तर उलटेसुद्धा म्हणते." एडीचे ओठ वाकडे झाले. "मागच्या शनिवारी ती पडली होती ना, तेव्हा तिला सगळं धूसर दिसत होतं. पण तिनं घडाघडा म्हणून दाखवले आणि तू तिला सोडलंस. मग तिनं दोन गोल मारले."

लेस्याला तो शनिवार आठवला. कार्डावरच्या पाचही खुणा तिच्याच हातच्या होत्या.

ब्रिन आज आली नव्हती. ब्रिनच्या आईचा सकाळचा निरोप संघाच्या ग्रुपवर तसाच होता: "दोन दिवस नुसती झोपूनच आहे, सर्दी असेल. मी कामावर निघालेय, तिला निजू दिलंय."

लेस्यानं ब्रिनच्या आईला तीन वेळा फोन लावला. उचलला नाही. ब्रिनच्या घरचा फोन वाजत राहिला. मग तिनं रुग्णवाहिकेला ब्रिनच्या घरी जायला कळवलं, खांद्यावर एडीला टेकवून घेतलं, आणि एका हातानं ग्रुपवर लिहू लागली. बाहेर खेळ पुन्हा सुरू व्हायचा भोंगा वाजला. डग दारावर थापा मारत होता. तिनं मान वर केली नाही.

"घरी बसून फोनवर खेळ बघत असाल तर सोडा आणि हे वाचा. ब्रिन घरी एकटी आहे, फोन उचलत नाही. मागच्या शनिवारी मीच तिला ठीक आहे म्हणून खेळायला सोडलं. ती ठीक नव्हती. आम्ही इथून एडीला घेऊन हॉस्पिटलला निघालोय, गावापासून ऐंशी किलोमीटरवर आहोत. रुग्णवाहिका शहरातून येणार, तिला चाळीस मिनिटं लागतील. तुमच्यापैकी जो कुणी गावात असेल त्यानं आत्ता, आहे त्या कपड्यांत बाहेर पडा. मागचं दार उघडं असतं. तिला हाक मारा, हलवू नका, पण जागी होते का बघा. कोण निघालंय तेवढं मला लिहा. कुणीतरी लिहा."