टायगरचं वळण

बारीकसा जीव मरू नये म्हणून भरतेश पाणीसुद्धा फडक्यानं गाळून प्यायचा, आणि कुपवाडच्या कारखान्यातून जेवायला घरी आला की त्याच हातानं रिमोट दाबून टायगर कुत्र्याच्या गळपट्ट्यात शॉक सोडायचा. जळक्या केसांच्या त्या वासानं त्याच्या बायकोला, चंदनाला, घास गिळवत नसे.

आजही टायगर दारात गुरगुरला. भरतेशनं ताटावरूनच बटण दाबलं. केकाटणं ऐकू आलं, पाठोपाठ तो वास.

“बघ की, कसं वळण लागलंय त्येला,” मान खाजवत भरतेश म्हणाला.

चंदनानं फळीकडं पाहिलं. गळपट्टा तिनंच सकाळी काढून तिथं चार्जिंगला लावला होता, तो अजून तिथंच होता. भरतेशच्या मानेवर दोन गोल, काळे चटके होते.

त्यानं रिमोटवरचा आकडा तीनवरून नऊवर नेला.

शेपूट हलवत टायगर पुन्हा गुरगुरला.